वठलेल्या तंत्राला पालवी फोडणारे गुनपेई योकोई

घरातले जुने खेळणे धडधाकट चालत असताना बाजारात त्याहून झगमगीत असे नवे खेळणे येते, मुले हट्ट धरतात आणि आईवडील विचारात पडतात. नवे घ्यायचे, तर जुन्याचे काय? व्हिडिओ गेमच्या बाबतीत हा प्रश्न दर पाच-सात वर्षांनी पुन्हा उभा राहतो. २०१७ मध्ये निन्टेन्डो कंपनीचे ‘स्विच’ आले, तेव्हा त्याच कंपनीच्या ‘थ्रीडीएस’ या हातातल्या यंत्राने आता रजा घ्यावी की नाही, यावर खेळाडूंमध्ये बराच खल झाला. थ्रीडीएसचे उत्पादन त्यानंतरही २०२० पर्यंत चालू होते. ग्राहकाला हा प्रश्न पैसे मोजताना पडतो. क्योतोच्या गुनपेई योकोई यांच्यापुढे मात्र तो यंत्र जन्माला येण्याआधीच उभा राहत असे, आणि आयुष्यात एकदा नव्हे, अनेकदा. काही वेळा त्यांचे उत्तर अचूक ठरले. एकदा ते साफ चुकले आणि त्या चुकीची सावली त्यांच्या अखेरच्या वर्षांवर पडली.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतो येथे झाला. तेथीलच दोशिशा विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९६५ साली ते निन्टेन्डोत नोकरीला लागले. या नावाचा तेव्हा संगणकाशी काहीही संबंध नव्हता. १८८९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी ‘हानाफुदा’ म्हणजे फुलापानांची चित्रे असलेले जपानी पत्ते तयार करीत असे. या पत्त्यांची पूर्वपीठिका गोमंतकीय वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी पत्त्यांचा खेळ जपानमध्ये नेला. त्यांच्या जहाजांचा मार्ग गोवा आणि मकाववरून जात असे. जपानी भाषेतला पत्त्यांसाठीचा ‘कारुता’ हा शब्दही मूळ पोर्तुगीजच. पुढे त्या पत्त्यांवर बंदी आली, नवी रूपे निघाली आणि त्यांतूनच हानाफुदाचा वंश वाढला. अशा पत्त्यांच्या कारखान्यातील यंत्रांची देखभाल करण्याचे काम या तरुण अभियंत्याच्या वाट्याला आले.

काम फारसे नव्हते आणि हातात कौशल्य होते. रिकाम्या वेळात योकोई यांनी कात्रीसारख्या जोडपट्ट्यांचा एक लांबवता येणारा हात स्वतःच्या करमणुकीसाठी बनवला. कारखान्यात फेरफटका मारणाऱ्या अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो नजरेस पडला. त्यांनी योकोईंना खोलीत बोलावले. कामाच्या वेळी खेळत बसल्याबद्दल बोलणी खावी लागणार, अशा समजुतीने ते गेले आणि त्या हाताचे विक्रीयोग्य खेळणे करण्याचा आदेश घेऊन बाहेर आले. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने निघालेल्या या खेळण्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले. यंत्रे दुरुस्त करणारा माणूस त्या दिवसापासून खेळणी घडवणारा झाला.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी जी खेळणी काढली, त्यांत त्यांची पुढची सारी विचारसरणी बीजरूपाने दिसते. दोघांनी हात हातात धरले की शरीरांतून वाहणाऱ्या क्षीण विद्युतप्रवाहावर काटा हलतो आणि प्रेमाची मात्रा दाखवतो, असा ‘लव्ह टेस्टर’ १९६९ मध्ये आला. आत होता तो केवळ शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला प्रवाहमापक. शार्प कंपनीच्या सौरघटांचा उपयोग त्यांनी वीज मिळवण्यासाठी न करता प्रकाशाचा नेम ओळखण्यासाठी केला आणि त्यातून प्रकाशाची बंदूक तयार झाली. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या मोटारी त्या काळी फार महाग असत. १९७२ मध्ये योकोई यांनी अशी मोटार काढली, जी फक्त डावीकडे वळे. उजवीकडे वळवण्याची यंत्रणाच काढून टाकल्याने किंमत एकदम खाली आली. वर्तुळाकार मार्गावर शर्यत लावायची, तर एका दिशेला वळता आले म्हणजे पुरे, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

या पद्धतीला पुढे त्यांनी स्वतःच एक नाव दिले. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर वठलेल्या तंत्रज्ञानाचा आडव्या अंगाने विचार, असा होईल. वठलेले म्हणजे निरुपयोगी नव्हे. ज्याचे गुणदोष पूर्ण कळले आहेत, जे मुबलक मिळते आणि म्हणून स्वस्त झाले आहे, ते वठलेले. अद्ययावत तंत्र महाग असते, त्याच्या खोडी कुणाला ठाऊक नसतात आणि त्याच्या चमकेत खेळाची मूळ कल्पना हरवून जाते. उलट जुन्याच तंत्राला कुणी न योजलेल्या जागी नेऊन बसवले, तर त्याला नवी पालवी फुटते, अशी त्यांची धारणा होती.

तिचा पहिला मोठा प्रत्यय १९८० मध्ये आला. शिन्कान्सेन गाडीतून प्रवास करताना त्यांना समोर एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो खिशातल्या गणकयंत्राची बटणे उगाचच दाबत वेळ काढीत होता. प्रौढ माणसालाही चारचौघांत लपवून खेळता येईल असे काही हवे, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. योकोई यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, एके दिवशी चालक आला नसल्याने यामाउचींची गाडी त्यांना चालवावी लागली आणि त्या वाटेत त्यांनी ही कल्पना सहज बोलून दाखवली. यामाउचींनी ती शार्पच्या प्रमुखांच्या कानावर घातली. सत्तरच्या दशकात शार्प आणि कॅसिओ यांच्यात गणकयंत्रांच्या किमतींवरून जे युद्ध झाले, त्यामुळे त्यांतील द्रवस्फटिकाचे पडदे आणि चिप्स अतिशय स्वस्त झाल्या होत्या. त्याच सामग्रीतून ‘गेम अँड वॉच’ साकारले. तळहाताएवढ्या या यंत्रात एकच खेळ असे, आणि खेळत नसताना ते घड्याळाचे काम करी. सुमारे ६० वेगवेगळी यंत्रे निघाली आणि जगभरात मिळून ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले.

यांपैकी १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या यंत्रासाठी योकोई यांनी केलेली एक लहानशी योजना तर आपल्यापैकी अनेकांच्या अंगठ्याने अनुभवली आहे. हे यंत्र डबीसारखे मिटत असे आणि त्यात वर-खाली दोन पडदे होते. आर्केडमधल्यासारखा दांडा बसवला असता, तर ते मिटलेच नसते. म्हणून त्यांनी अधिकच्या चिन्हाच्या आकाराचे एकच चपटे बटण बसवले. पाहायची गरज न पडता अंगठ्याला चारही दिशा कळू लागल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडण्याचे जे स्वस्त व्हिडिओ गेम बाजारात आले, ते बहुतांशी निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि त्यांच्या रिमोटवर डाव्या बाजूला हेच बटण होते. ते कुणाच्या डोक्यातून निघाले, हे तेव्हा कुणी विचारले नाही.

एव्हाना योकोई कंपनीच्या पहिल्या संशोधन आणि विकास विभागाचे प्रमुख झाले होते. १९८१ मध्ये तरुण शिगेरू मियामोतो यांनी डाँकी काँग हा मूळ आर्केडचा खेळ तयार केला, तोही योकोई यांच्या देखरेखीखाली. मारिओ हे पात्र त्याच खेळातून जगापुढे आले.

आता त्यांच्यापुढे तो मूळ प्रश्न पहिल्यांदा आला. गेम अँड वॉच उत्तम चालले होते, पण एका यंत्रात एकच खेळ ही त्याची मर्यादा होती. फॅमिकॉममध्ये खेळ बदलता येत, पण ते घरातल्या टीव्हीला बांधलेले. योकोई आणि त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी या दोहोंचा मेळ घालणारे ‘गेम बॉय’ तयार केले. खेळाच्या कॅसेट बदलता येणारे आणि खिशात नाही तरी दप्तरात सहज मावणारे हे यंत्र होते. जुन्याची जागा नव्याने घ्यावी, असा निर्णय येथे झाला, कारण जुने जे करू शकत नव्हते ते नवे करीत होते आणि जुने जिथे जिथे जात होते तिथे नवेही जाऊ शकत होते.

खरा वाद रंगांवरून झाला. प्रतिस्पर्धी रंगीत पडदा आणणार हे दिसत असतानाही योकोई यांनी हिरवट पार्श्वभूमीवर करड्या रंगाच्या चार छटा दाखवणारा, आतून दिवा नसलेला पडदा निवडला. फळ्यावर खडूने दोन वर्तुळे काढून तो बर्फाचा माणूस आहे असे सांगितले, तर पाहणाऱ्याला बर्फाचा पांढरा रंग आपोआप जाणवतो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे असे. खेळ रंगला की रंगाची उणीव मन भरून काढते. मात्र पडदा साधा असला तरी तो नीट दिसला पाहिजे, ही अट अध्यक्षांनी घातली. आधी ठरलेला पडदा समोरून पाहता अस्पष्ट दिसतो, असे यामाउचींनी निदर्शनास आणून दिले, तेव्हा ऐनवेळी तो बदलावा लागला. अखेर २१ एप्रिल १९८९ रोजी गेम बॉय १२,५०० येनला जपानमध्ये विक्रीस आला.

त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचे ‘लिंक्स’ आले आणि १९९० मध्ये जपानमध्ये सेगाचे ‘गेम गिअर’. दोन्ही रंगीत, दोन्ही तंत्रदृष्ट्या सरस. कागदावर तुलना केली असती, तर गेम बॉयने पहिल्याच वर्षी मैदान सोडायला हवे होते. प्रत्यक्षात त्या रंगीत यंत्रांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले आणि लिंक्सच्या निम्म्या किमतीत मिळे. हातातून पडले तरी बंद पडत नसे. आखाती युद्धात भाजून काळवंडलेला एक गेम बॉय कित्येक वर्षे न्यूयॉर्कमधील निन्टेन्डोच्या दुकानात चालू स्थितीत मांडून ठेवलेला होता. अमेरिकेत त्याच्यासोबत मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांचा ‘टेट्रिस’ दिला गेला आणि लहान मुलांचे म्हणून काढलेले यंत्र मोठ्यांच्याही हाती गेले. १९९३ मध्ये एका रशियन अंतराळवीराने ते मीर अंतराळस्थानकात नेले. तेच विटा रचण्याचे वेड पुढे ‘ब्रिक गेम’ नावाच्या स्वस्त यंत्रांतून आपल्या जत्रांपर्यंत आणि बाजारांपर्यंत पोहोचले.

यशाला वय असते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गेम बॉय जुना वाटू लागला. दुसरीकडे चिप्सच्या ताकदीची आणि चित्रांच्या झगमगाटाची स्पर्धा वाढत चालली होती. या स्पर्धेत नव्या कल्पनांना जागा उरणार नाही, अशी योकोई यांना काळजी वाटे. वेगळी वाट म्हणून त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील एका कंपनीच्या तंत्रावर आधारित ‘व्हर्च्युअल बॉय’ हाती घेतले. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवून खोलीचा भास निर्माण करणारे हे यंत्र होते. लाल प्रकाशाचे दिवे स्वस्त आणि वीज कमी खाणारे म्हणून सारे दृश्य काळ्यावर लाल. मूळ विचार ते डोक्यावर बांधण्याचा होता. सुरक्षिततेच्या शंकांमुळे ते तिवईवर ठेवावे लागले. जुलै १९९५ मध्ये ते १५,००० येनला बाजारात आले.

नावात ‘बॉय’ होते, आत सेल होते. त्यामुळे लोकांनी त्याला गेम बॉयच्याच कुळातले मानले आणि त्याच कसोटीवर तपासले. तेथेच ते हरले. ते दप्तरात मावत नव्हते, गाडीत खेळता येत नव्हते. टेबलापुढे वाकून भिंगांत डोळे खुपसावे लागत. मान अवघडे, डोळे शिणत. अधूनमधून विश्रांती घेण्याची सूचना यंत्रातच घालावी लागली होती. गेम बॉयच्या घरात पडून असलेल्या कॅसेटपैकी एकही त्यावर चालत नव्हती. दोन गेम बॉय तारेने जोडून दोन भावंडे एकत्र खेळू शकत. व्हर्च्युअल बॉयला जोडतारेसाठी जागा होती, पण ती तार कधी विक्रीस आलीच नाही. बाजूला बसलेल्याला तर काहीच दिसत नसे. फक्त २२ खेळ निघाले, जेमतेम पावणेआठ लाख यंत्रे खपली आणि वर्षभराच्या आत त्याचा गाशा गुंडाळला गेला. वठलेल्या तंत्राची महती सांगणाऱ्या माणसाला लाल दिव्यांचे स्वस्त तंत्र सापडले होते. निसटली ती त्या तंत्राने पोहोचायची जागा. गाडीतला तो कंटाळलेला नोकरदार या यंत्राच्या आराखड्यात कुठेच नव्हता.

आणि मग नियतीने एक विलक्षण योग घडवून आणला. फेब्रुवारी १९९६ मध्ये, व्हर्च्युअल बॉय बाजारातून अस्तंगत होत असतानाच, सात वर्षे जुन्या गेम बॉयवर ‘पोकेमॉन’ आला. त्याचे कर्ते सातोशी ताजिरी यांना ती साधी जोडतार पाहून लहानपणी पकडलेले किडे एका यंत्रातून दुसऱ्यात जात आहेत, अशी कल्पना सुचली होती. ज्या यंत्राला निरोप देण्याची वेळ आली असे वाटत होते, त्याला मुलांनी पुन्हा उचलून धरले. योकोई यांची एक निर्मिती संपत होती आणि दुसरी, तिच्याहून जुनी, नव्याने जगू लागली होती.

निन्टेन्डोतले त्यांचे शेवटचे मोठे काम याच जुन्या यंत्राचे होते. जुलै १९९६ मध्ये ‘गेम बॉय पॉकेट’ आले. आकार लहान, वजन कमी, पडदा अधिक स्वच्छ, आणि लागणारे सेल चाराऐवजी दोन व तेही बारीक. जुन्या साऱ्या कॅसेट त्यावर चालत होत्या. जुने टाकायचे की ठेवायचे, या प्रश्नाला त्यांनी येथे तिसरेच उत्तर दिले. जुन्यातले अडचणीचे तेवढे काढून टाकायचे. त्यानंतर ऑगस्टमध्ये ३१ वर्षांच्या नोकरीचा त्यांनी राजीनामा दिला. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे त्यांना जावे लागले, अशी समजूत तेव्हा पसरली आणि आजही आहे. त्यांनी स्वतः ती नाकारली. स्वतंत्रपणे काम करण्याचा बेत आपल्या मनात पूर्वीपासून होता, असा त्यांचा खुलासा होता.

सप्टेंबर १९९६ मध्ये त्यांनी क्योतोत ‘कोतो’ ही स्वतःची छोटी संस्था काढली. तेथे त्यांनी बांदाई कंपनीसाठी ‘वंडरस्वान’ या नव्या हातातल्या यंत्रावर काम सुरू केले. म्हणजे गेम बॉयला आव्हान देणाऱ्याच्या बाजूने गेम बॉयचा निर्माता उभा राहिला. येथेही पडदा रंगहीन, किंमत अल्प आणि संपूर्ण यंत्र एका पेन्सिल सेलवर चालणारे. ते आडवेही धरता येई आणि उभेही.

हे यंत्र बाजारात आलेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतात होकुरिकु द्रुतगती मार्गावर ते बसलेली मोटार पुढच्या ट्रकवर आदळली. किती नुकसान झाले हे पाहण्यासाठी ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या वाहनाची धडक त्यांना बसली. त्यात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ५६. वंडरस्वान मार्च १९९९ मध्ये ४,८०० येनला विक्रीस आले. त्यासाठीच्या एका कोड्याच्या खेळाला त्यांच्या स्मरणार्थ ‘गुनपे’ हे नाव दिले गेले.

त्यांच्या पश्चात निन्टेन्डोने १९९८ मध्ये रंगीत गेम बॉय काढले आणि २००१ मध्ये ‘गेम बॉय ॲडव्हान्स’. दोन्हींवर १९८९ च्या कॅसेट चालत. २००४ मध्ये ‘डीएस’ आले, तेव्हा हे यंत्र ॲडव्हान्सची जागा घेणार नाही, तिसरा स्तंभ म्हणून शेजारी उभे राहील, असे कंपनीने जाहीर केले होते. पुढे त्याने ती जागा घेतलीच आणि १५ कोटी ४० लाखांचा खप गाठला. पण त्यातही ॲडव्हान्सच्या कॅसेटसाठी खाच ठेवलेली होती, आणि त्याचे दोन मिटणारे पडदे १९८२ च्या गेम अँड वॉचची आठवण करून देणारे होते. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक नग विकले गेले. त्या कुळातले एकमेव मोठे अपयश ठरले ते मागच्या पिढीची एकही कॅसेट न स्वीकारणारे लाल यंत्र.

नवे यंत्र आले म्हणून जुने हटवावे काय, या प्रश्नाचे योकोई यांच्या आयुष्यातून निघणारे उत्तर कोणत्याही घराला उपयोगी पडावे असे आहे. नव्याचा पडदा किती झळकतो हे नंतर पाहावे. जुने जिथे जात होते, ज्या खिशाला परवडत होते आणि ज्या दोन भावंडांना एकत्र बसवीत होते, तिथवर नवे पोहोचते का, हे आधी पाहावे. पोहोचत असेल तर जुन्याने आनंदाने जागा द्यावी. पोहोचत नसेल तर कपाटातल्या त्या जुन्या यंत्रात नवे सेल घालून पाहावेत. ते अजून चालत असण्याची शक्यता बरीच आहे.